पोलो जीटी : डिझेल घ्यावी की पेट्रोल? (लातूर–औसा रोजची ये-जा)

औसेकर मास्तर, लातूर

नमस्कार मंडळी. मी लातुरात राहतो आणि औशाच्या एका महाविद्यालयात शिकवतो. अकरा वर्षे एक साधी, लहान पेट्रोल गाडी चालवली. आता मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेल्याच्या निमित्ताने जरा अंगात जोर असलेली गाडी घ्यावी, असे मनाने घेतले आहे. फोक्सवॅगनने पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबवले असल्यामुळे नवी मिळण्याचा प्रश्नच नाही. जुन्या बाजारात पोलो जीटी, म्हणजे पोलोच्या जास्त ताकदीच्या प्रकारातल्या, दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत.

पहिली जीटी टीडीआय : २०१५ ची, १.५ लिटर डिझेल, पाच गिअरची मॅन्युअल, दुसरा मालक, १,१२,००० किलोमीटर चाललेली. मागणी ४ लाख ६० हजार. दुसरी जीटी टीएसआय : २०१७ ची, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, सात गिअरची डीएसजी (दोन क्लचची) ऑटोमॅटिक, एकाच मालकाची, ५८,००० किलोमीटर चाललेली. मागणी ५ लाख ७० हजार.

माझे चालवणे असे आहे. महाविद्यालयाचे सुमारे दहा महिने रोज औशाला जाऊन येऊन ४० किलोमीटर, महिन्यातून दोनदा उदगीरकडे गावी, आणि वर्षातून चार-पाच वेळा मुरूड–बार्शी–टेंभुर्णी मार्गे पुणे. सगळे धरून वर्षाला १६,००० किलोमीटर होतात. डिझेलमध्ये पैसे वाचतील हे मलाही कळते. पण केवळ पैसेच वाचवायचे असते तर जुनी गाडी काय वाईट होती? दोन्ही चालवून पाहिल्या, दोन्ही आवडल्या, आणि तिथेच घोळ झाला. ज्यांनी यांपैकी एखादी आपल्या भागात वापरली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ, नांदेड

मास्तर, माझ्याकडे सात वर्षांपासून जीटी टीडीआय आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार हे आधीच कबूल करतो.

तुमच्या चालवण्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग औसा नसून मुरूड ते टेंभुर्णी हा आहे. औसा–लातूर हा चौपदरी महामार्ग आहे, तिथे कोणतीही गाडी सुखाने धावते. पण टेंभुर्णीला सोलापूर–पुणे महामार्ग लागेपर्यंतच्या रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या लागतात, ज्यांना मागे ना दिवा असतो ना लाल पट्टी, आणि त्यांना ओलांडताना समोरच्या वाहनाच्या आधी आपल्या बाजूला परतायला हाती मोजकेच सेकंद असतात. अशा वेळी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबताच डिझेल ज्या रीतीने उचल घेते, तिची सवय लागली की दुसऱ्या गाडीत जीव धाकधूक करतो. तुम्ही पाहिलेल्या २०१५ च्या टीडीआयची ताकद १०५ पीएस (जवळपास तितकीच अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २५० एनएम आहे. टीएसआयची १०५ पीएस आणि १७५ एनएम. ताकदीचे आकडे सारखेच आहेत, आणि जोर दोन्हींत इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या आसपासच पूर्ण मिळू लागतो; पण ७५ एनएमचा फरक चार माणसे, सामान आणि एसी असताना जाणवल्याशिवाय राहत नाही.

हिशेबही सांगतो. माझी गाडी लिटरला सरासरी १८ किलोमीटर देते. टीएसआयला १३ धरा. डिझेल ९३ आणि पेट्रोल १०६ रुपये धरले, तर १६,००० किलोमीटरला डिझेलचा खर्च सुमारे ८३ हजार आणि पेट्रोलचा सुमारे १ लाख ३० हजार होतो. म्हणजे वर्षाला ४७-४८ हजारांचा फरक.

उणिवाही लिहितो. थंडीत सकाळी सुरू केली की शेजाऱ्यांना कळते. ४,००० फेऱ्यांच्या पुढे इंजिनाला दम उरत नाही, आणि पुढचा भाग जड असल्यामुळे वळणावर नाक थोडे बाहेर ओढते.

दख्खनचा दरवाजा, छत्रपती संभाजीनगर

गोदाकाठ यांनी वळणाबद्दल शेवटी एका वाक्यात जे उरकले, तोच माझ्या मते या प्रश्नाचा गाभा आहे. मास्तरांनी आनंदाबद्दल विचारले आहे आणि उत्तर लिटरमागच्या किलोमीटरांत मिळाले आहे.

माझ्याकडे टीएसआय आहे आणि तिचे इंजिन हलके आहे. आपल्याकडचे रस्ते काळ्या मातीवर बांधलेले आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि त्यामुळे वरून गुळगुळीत दिसणारा डांबरी रस्ताही दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. अशा लाटांवरून वेगाने जाताना पुढच्या चाकांवर वजन कमी असलेली गाडी लवकर सावरते आणि स्टिअरिंग हातात बोलते. कन्नडचा घाट मी दोन्ही गाड्यांनी उतरलो आहे (डिझेल माझ्या मेव्हण्याची). डिझेल घाट चढताना खूश करते. उतरताना आणि वळताना मात्र पेट्रोल.

हिशेबाबद्दल एवढेच म्हणेन की १३ हा आकडा शहरातला आहे. औशासारख्या मोकळ्या रस्त्यावर, ८० ते ९० च्या वेगाला, मला १५ मिळतात. त्या दराने वार्षिक फरक ३० हजारांवर येतो. किमतीतील १ लाख १० हजारांचा फरक डिझेलच्या बाजूने दिसतो खरा, पण तो दोन वर्षांच्या वयाचा आणि ५४,००० किलोमीटरच्या झिजेचा आहे, हे विसरू नये.

आता माझ्याच गाडीविरुद्ध दोन गोष्टी. ही डीएसजी कोरड्या क्लचची आहे, म्हणजे तिचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले नसतात. मे महिन्यात पारा ४२ वर असताना बाजारातल्या गर्दीत गाडी इंचाइंचाने सरकवत राहिलात, तर क्लच अर्धवट धरलेले राहतात आणि तापतात. उपाय सोपा आहे : पुढे थोडे अंतर पडू द्यावे, मग ब्रेक सोडून एकदम जावे. पण ही शिस्त घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने पाळली पाहिजे.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून या मिश्रणाच्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते. शिवाय २०१७ ची गाडी या इंधनासाठी बनवलेली नाही. त्यासाठीचे रबरी भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. इंधनाच्या नळ्या आणि सील यांच्यावर लक्ष ठेवावे लागेल. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच परिसरातला ऊस आता आपल्या टाकीत येऊन मायलेज कमी करतो, ही आपल्या मराठवाड्याची कथा आहे. पण ते असो.

पाना नंबर तेरा, परभणी

मी पंचवीस वर्षे गॅरेज चालवले, आता मुलगा चालवतो. आमच्या परभणीत पेट्रोलचा भाव राज्यात सर्वांत चढ्या भावांपैकी असतो, कारण टँकर लांब मनमाडजवळच्या आगारातून येतो. म्हणून इथे डिझेलची बाजू घेणारे पुष्कळ भेटतील. तरी मी मास्तरांना इंधन निवडायला सांगणार नाही. दहा वर्षांच्या आसपासच्या गाडीत डिझेल-पेट्रोल हा दुसरा प्रश्न आहे. ही विशिष्ट गाडी कशी वापरली गेली, हा पहिला.

डिझेलसाठी टायमिंग बेल्टचा (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याचा) कागद मागा. १,१२,००० किलोमीटर झालेल्या गाडीत बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप बदलल्याचे बिल नसेल, तर बदललेला नाही असेच समजावे, मालक तोंडाने काहीही म्हणो. हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावेच लागते. दुसरे, इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग. या इंजिनाच्या कॉमन रेल यंत्रणेत (चारही इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) डिझेल हजार बारहून अधिक दाबाने फवारले जाते, तिथे भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल चालत नाही. चारही इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत धरून मोजतात. एकाच बाटलीत जास्त जमले तर तो इंजेक्टर गेला म्हणून समजा. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे. मालक नको म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

गाडी २०१५ ची आहे म्हणून आणखी एक. धुराच्या चाचणीत सॉफ्टवेअरने फसवणूक केल्याच्या प्रकरणानंतर फोक्सवॅगनने डिसेंबर २०१५ मध्ये भारतातील ३ लाख २३ हजारांहून अधिक डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलासाठी परत बोलावण्याचे जाहीर केले होते, आणि त्यांत हे १.५ लिटरचे इंजिनही होते. चासी क्रमांक देऊन हे काम झाले आहे का, ते अधिकृत सेवाकेंद्रात विचारून घ्या.

पेट्रोलसाठी : गाडी पूर्ण गार असताना स्वतः जाऊन सुरू करा, विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेली असेल तर परत फिरा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आणि रिव्हर्स टाकताना झटका किंवा खडखड येते का, ते चढावर पाहा. स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे जुने दोष वाचून घ्या, कारण गिअर आपोआप बदलणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग बदलावा लागला तर दोन-तीन वर्षांची इंधनबचत एका बिलात जाते.

दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल कोणी दाखवली तर तिच्या मोहात पडू नका. तिकडे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या इकडे येतात, आणि मग ना-हरकत दाखला व इथला रस्ता कर यांत खरेदीदार अडकतो. तुमच्या डिझेलची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०३० पर्यंतची आहे. पुढे तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती वाढवता येते.

औसेकर मास्तर, लातूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी पाना नंबर तेरा यांच्या सांगण्याप्रमाणे दोन्हीकडे जाऊन आलो. डिझेलवाल्याकडे बेल्टचे बिल नाही. इंजेक्टरच्या चाचणीला मात्र तो लगेच तयार झाला आणि चारही बाटल्या सारख्या भरल्या. पेट्रोल गाडी गार असताना सुरू केली, चढावर रिव्हर्स टाकताना एकदा हलकासा झटका जाणवला. विक्रेता म्हणतो की या गिअरबॉक्सचा तो स्वभावच आहे. स्वभाव असेल, पण औषधाचा खर्च मला करायचा आहे. डिझेलची किंमत बेल्ट, टेन्शनर आणि पंपाच्या खर्चाएवढी उतरवून मागितली आहे. गोदाकाठ, एक विचारायचे राहिले : सौभाग्यवतींचा गुडघा दुखतो, तेव्हा टीडीआयचा क्लच शहरात कितपत जड वाटतो?

गोदाकाठ, नांदेड

पेट्रोलच्या छोट्या गाडीपेक्षा निश्चितच जड आहे, आणि जुनी क्लच प्लेट झिजली की आणखी जड होतो. वहिनींना गाडीत बसवून लातूरच्या गंजगोलाई बाजारात संध्याकाळी सहा वाजता दोन फेऱ्या मारायला लावा. त्यानंतरच विसार द्या.