३१ मार्चचा घरचा ताळेबंद: तुम्ही कसा मांडता? (अनुभव)

शेवंती:

माळा आवरताना बाबांची वही हाती लागली. रेक्झिनचं कव्हर, आत दर वर्षी ३१ मार्चचं एक पान. मधोमध रेघ, डावीकडे 'आहे', उजवीकडे 'देणे'. एनएससी, इंदिरा विकासपत्र (दोन्ही पोस्टातली बचतपत्रं), पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी), युनिट ६४ (यूटीआयची जुनी योजना), आईच्या पाटल्या (रुपयांत नाही, वजनात), आणि समोरच्या बाजूला सोसायटीचं कर्ज. तळाशी लाल शाईत एक आकडा, त्याच्याखाली बारीक अक्षरात मागच्या वर्षीचा. ते पान पुरं होईपर्यंत आम्हा भावंडांना त्या खोलीत जायची मुभा नसायची. काय चाललंय ते तेव्हा कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं चाललंय एवढं कळायचं.

मी नोकरीला लागल्यापासून हेच एक्सेलमध्ये करते. एक गोष्ट मात्र बाबांपेक्षा जास्तीची करते आणि ती सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. सोपे आकडे घेते. समजा मागच्या ३१ मार्चला २० लाख होते, यंदा २६ झाले. घरात आनंदीआनंद, ३० टक्के वाढ! पण वर्षभरात आपणच खिशातून ४ लाख २० हजार टाकले असतील तर पैशाने कमावले फक्त १ लाख ८० हजार. म्हणजे परतावा साधारण आठ टक्के. बाकीची आपली बचत. दोन्ही चांगलंच आहे, पण ती दोन वेगळी कामं आहेत. बाजार पडलेल्या वर्षीही बचतीचा रकाना भरलेला दिसतो, आणि बाजार चढलेल्या वर्षी बचत घसरली असेल तर तीही लपत नाही.

तुम्ही कसं करता? राहतं घर धरता का? सोनं? घरातल्या कोणाला दाखवता? लिहा, सविस्तर लिहिलंत तर उत्तमच.

पाऊलवाट:

मस्त विषय. राहतं घर मी धरत नाही. म्हणजे वेगळ्या ओळीत लिहितो, बेरजेत घेत नाही. ते विकून राहायचं कुठे? दुसरा फ्लॅट असता तर धरला असता.

पण घर बेरजेत नसलं तरी कर्ज वजा करतोच. ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं असं धरा. हप्ता ३४,७०० च्या आसपास. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ व्याजात जातात, मुद्दल फिटते सहा हजार चारशेच्या आत. हे बँकेच्या कागदावर वाचणं वेगळं आणि स्वतःच्या तक्त्यात 'देणे' जागचं हललेलं नाही हे वर्षअखेरीस बघणं वेगळं. आम्ही बोनस मुद्दलात भरायला लागलो ते तो रकाना बघूनच.

निशिगंध:

इंदिरा विकासपत्र!! किती वर्षांनी नाव ऐकलं. त्याच्यावर नाव नसायचं कोणाचं, माहितीये का? नोटेसारखं, कागद ज्याच्या हातात पैसे त्याचे. माझी आजी ती पत्रं तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि दर शनिवारी डबा उपसून मोजायची.

सुगरण:

@निशिगंध आमच्याकडे देवघरामागे असायची 😄

कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. सोनं मी धरते पण दागिने आणि वळं वेगवेगळं. दागिन्याचं वजन घेऊन खडे, मोती, लाख वजा करायची, घडणावळ सोडून द्यायची (ती विकताना कोणी देत नाही), आणि भाव २२ कॅरेटचा लावायचा, पेपरातला २४ चा नाही. मंगळसूत्र आणि आईने दिलेला गोठ यात नाहीत. ते विकणार नाही तर त्याची किंमत कशाला लावू.

शिट्टी झाली, येते परत.

बाराखडी:

शेवंतीताई, भर आणि परतावा वेगळा काढण्याला शंभर टक्के अनुमोदन. अजून तीन-चार गोष्टी, ज्या मी दर वर्षी तपासतो:

पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेर यातल्या सगळ्यात कमी शिलकीवर मिळतं. ६ तारखेला भरलं तर त्या महिन्याचं गेलं. दीड लाख एकरकमी भरणाऱ्यांनी ५ एप्रिलच्या आत भरावं. दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ वर आला, माझ्या तक्त्यात तो पुढे वर्षानुवर्षं तसाच आहे.

ईपीएफचं (नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीचं) व्याज पासबुकात उशिरा पडतं. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता पण ३१ मार्चला पासबुकात तो दिसत नाही. म्हणून मी तो आकडा स्वतः काढून पेन्सिलीने लिहितो, नंतर पक्का करतो.

शेअर आणि इक्विटी फंडांवरचा कर. वर्षापेक्षा जास्त काळ ठेवून विकलेल्यांच्या नफ्यावर सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के (२३ जुलै २०२४ पासून). कागदावरचा सगळा नफा आपला नसतो, मी तेवढा भाग वजा करून खाली दुसरी बेरीज ठेवतो.

आणि एसआयपीचा (फंडात दर महिन्याला भरायच्या ठरावीक हप्त्याचा) परतावा काढताना साधी टक्केवारी नको, एक्सआयआरआर काढा.

गुलबक्षी:

एक्सआयआरआर काय असतं? सगळे म्हणतात, मला कोणी समजावलं नाही.

बाराखडी:

@गुलबक्षी सांगतो. दर महिन्याच्या १ तारखेला १० हजार भरले, वर्षात १ लाख २० हजार. वर्षअखेरीस किंमत १ लाख २६ हजार. साध्या हिशोबाने पाच टक्के. पण पहिला हप्ता पूर्ण वर्ष होता आणि शेवटचा एकच महिना. सरासरी पैसा जेमतेम साडेसहा महिने गुंतला होता. तारखा धरून काढलं तर वार्षिक परतावा नऊ-साडेनऊ टक्के येतो. एक्सेलमध्ये एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा, भरलेल्या उणे चिन्हाने, आणि शेवटच्या ओळीत आजची किंमत अधिक चिन्हाने. मग ते सूत्र लावायचं. बास.

गुलबक्षी:

अरे वा, एवढंच?! धन्यवाद. आज रात्री मुलं झोपली की करते.

धुके:

माझा तक्ता २०१४ पासूनचा. त्यातला ३१ मार्च २०२० चा रकाना मला पाठ आहे. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, तेरा टक्क्यांवर पडला होता. सगळे घरात, दूधवाला गेटवरच थांबायचा, बाबांचं ऑपरेशन पुढे ढकललेलं, ऑफिसात पगारकपातीची बोलणी. त्या रात्री तक्ता भरायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, या वर्षी नको भरूस. मी भरला. इक्विटीचा आकडा बघून पोटात खड्डा पडला, खरंच सांगतो. पण शेजारी पीपीएफ, एफडी, ईपीएफ होते तसेच होते आणि घरखर्चाचे आठ महिने निघतील एवढे पैसे हाताशी दिसत होते. तिला स्क्रीन दाखवली. दोघांनी मिळून ठरवलं की एसआयपी चालू ठेवायची. तक्ता नसता तर माझ्या डोळ्यांसमोर फक्त बातम्यांतला लाल बाण राहिला असता.

बाबा आता ठणठणीत आहेत, ऑपरेशन त्याच वर्षी दिवाळीनंतर झालं.

पाऊलवाट:

@धुके छान लिहिलंय. बाबांना नमस्कार.

टिंब:

लाल शाई वाचून आठवलं, पूर्वी चेलपार्कची दौत यायची. आमचे काका हिशोबाला लाल आणि पत्राला निळी वापरायचे. शाईपेन कोणी वापरतं का अजून?

निशिगंध:

मी! रोज. पण लाल शाई कधी घेतली नाही, शाळेतल्या पेपरांची आठवण येते.

मोरपीस:

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझ्या बहिणीचे यजमान दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. बेचाळीस वय. सगळं तेच बघायचे आणि सगळं त्यांच्या फोनमध्ये, ॲपमध्ये. फोन उघडेना. ताई त्या अवस्थेत, आणि आम्ही खणांतून पासबुकं शोधतोय. कुठे किती आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

वाट सापडली ती पॅनवरून. दर महिन्याला किंवा सहा महिन्यांनी डिपॉझिटरीकडून (जिथे शेअर डिजिटल स्वरूपात ठेवलेले असतात ती संस्था) एकत्रित स्टेटमेंट येतं (कॅस म्हणतात), त्यात त्या पॅनवरचे शेअर आणि म्युच्युअल फंड सगळे एका ठिकाणी असतात. कपाटातल्या जुन्या टपालात त्याची एक छापील प्रत मिळाली. त्यावरून फोलिओ नंबर (फंडांतले खाते क्रमांक) मिळाले. दोन फोलिओंना नॉमिनी त्यांची आई होती, लग्नाआधी काढलेले. सासूबाईंनी एका शब्दाने काही न म्हणता सह्या दिल्या, आणि पैसे आले तसे ताईच्या खात्यात टाकले. पण सगळीकडे असं होईलच असं नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती, बेरजेच्या शेजारी एक रकाना 'नॉमिनी' आणि एक 'कागद कुठे आहे' असा ठेवा. आणि तो तक्ता घरातल्या दुसऱ्या माणसाला दर वर्षी एकदा वाचून दाखवा.

शेवंती:

मोरपीस, काय लिहू. ताईंना खूप धीर मिळो. लिहिलंत ते फार बरं केलंत. दोन्ही रकाने आत्ताच वाढवले.

सुगरण:

डोळ्यांत पाणी आलं. ताईला सांभाळ गं.

धुके:

@मोरपीस जुनी बँक खाती राहिली असतील तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल बघा. दहा वर्षं न हाललेल्या ठेवींचा शोध तिथे नाव आणि पॅन, जन्मतारीख वगैरे टाकून घेता येतो. आणि सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडे जातात, तेही अर्ज करून परत मागता येतात. वेळ लागतो पण मिळतात.

मोरपीस:

उद्गमचं माहीत नव्हतं. रविवारी ताईकडे जातेय, तेव्हा बसून करू. मनापासून आभार.

आकाशकंदील:

विमा पॉलिसीबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझ्या मेव्हण्याच्या तक्त्यात २५ लाखांची पॉलिसी म्हणून २५ लाख धरलेले! ते विमाछत्र आहे, आज हातात येणारे पैसे नव्हेत. पारंपरिक पॉलिसी असेल तर आजची सरेंडर व्हॅल्यू (आज मोडली तर मिळणारे पैसे) लिहायची, टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) असेल तर शून्य लिहायचं आणि आपल्या माघारी घरच्यांना काय मिळेल ते खाली वेगळं. मेव्हण्याच्या पॉलिसीचा परतावा तारखांसकट काढला तर साडेपाच टक्क्यांच्या खाली आला. एजंटने तोंडी सांगितलेलं वेगळंच होतं. टर्म प्लॅन मात्र त्याने लगेच घेतला, त्याचं मला समाधान आहे.

बाराखडी:

+१. गाडी पण धरू नका, धरलीत तर दर वर्षी किंमत उतरवा.

पाऊलवाट:

गाडीवरून आठवलं, जुनी गाडी काढायची आहे, कोणाला ओळखीतला ग्राहक असेल तर कळवा. डिझेल, एकहाती वापर.

गुलबक्षी:

आत्ता सूत्र लावून बघितलं. आलं!! ११.२ टक्के. नवऱ्याला उठवून दाखवलं 😄

मला अजून एक विचारायचंय, हे दर महिन्याला बघावं का? ॲपमध्ये रोज दिसतं.

शेवंती:

@गुलबक्षी अभिनंदन! मी वर्षातून एकदाच बेरीज करते, सप्टेंबरअखेर फक्त बचत ठरल्यासारखी होतेय ना एवढं बघते. रोजच्या आकड्यावर आपला काही ताबा नाही, बचतीवर आहे. आणि एका वर्षाच्या परताव्यावरून फंडाला चांगलं-वाईट ठरवू नका. पाच-सात रकाने शेजारीशेजारी आले की त्यातून काही बोलता येतं.

निशिगंध:

बाबांच्या काळी पीपीएफला १२ टक्के होते ना? १९८६ पासून २००० सालच्या जानेवारीपर्यंत. आई अजून म्हणते, आमच्या वेळी पैसे सहा वर्षांत दुप्पट व्हायचे.

धुके:

हो, पण तेव्हा काही वर्षी महागाईही दोन आकडी होती. माझ्या तक्त्यात शेवटच्या ओळीत वर्षाचा घरखर्च असतो. एकूण जमा भागिले तो खर्च. 'किती वर्षांचा खर्च जमलाय' हा आकडा मला रुपयांपेक्षा जास्त काही सांगतो. मागच्या वर्षी रक्कम वाढली आणि हा आकडा तिथेच राहिला, मुलीच्या फीमुळे. शिकतेय, होऊ दे खर्च.

सुगरण:

आले परत, जेवणं झाली. सोन्याच्या सरकारी बाँडचं विचारायचं राहिलं. २०१९ चे आहेत, तक्त्यात कसे लिहू? दागिन्यांसारखेच का?

बाराखडी:

@सुगरणताई ग्रॅम गुणिले त्या दिवसाचा ९९९ शुद्धतेचा भाव. घट, घडणावळ काही नाही. वर अडीच टक्के व्याज, ते मूळ खरेदी किमतीवर मिळतं, सहा महिन्यांनी खात्यात येतं, ते परताव्यात धरा. नोव्हेंबर २०१५ ची पहिली मालिका २,६८४ रुपये ग्रॅमने निघाली होती, आठ वर्षांनी ६,१३२ ने परत मिळाली. फेब्रुवारी २०२४ च्या मालिकेनंतर सरकारने नवे काढणं थांबवलं.

सुगरण:

आणि मधेच मोडता येतात का? जाऊबाईंना हवेत पैसे, त्यांचेही आमच्याबरोबरच घेतलेले.

बाराखडी:

पाच वर्षांनंतर, व्याजाच्या तारखेला. जिथून घेतले तिथे आधी अर्ज द्यावा लागतो, आयत्या वेळी चालत नाही.

सुगरण:

तारीख कुठे बघू?

बाराखडी:

सर्टिफिकेटवर वाटप झाल्याची तारीख असते. तिथून सहा-सहा महिने मोजा.

सुगरण:

बरं, सकाळी कपाट उघडून बघते आणि त्यांना फोन करते.