मदत हवी आहे: दोन ट्रेनी, दोघींच्या गरजा वेगळ्या, सुपरव्हिजन कसं आखावं?

नमस्कार मंडळी. वर्तन विश्लेषणात काम करणाऱ्या आणि सध्या ट्रेनी असलेल्या, सगळ्यांनाच विचारते आहे.

बीसीबीए या वर्तन विश्लेषकाच्या प्रमाणपत्रासाठी फील्डवर्क, म्हणजे देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, करणाऱ्या दोघीजणी माझ्याकडे आहेत. दोघींचे महिन्याला साधारण ८० तास भरतात. हे प्रमाणपत्र देणाऱ्या बीएसीबी या संस्थेच्या २०२२च्या नियमांनुसार साध्या फील्डवर्कला ५ टक्के सुपरव्हिजन लागतं, म्हणजे किमान चार तास. त्यातला निम्मा वेळ गटात चालतो. उरलेल्या वैयक्तिक वेळेचं सोनं कसं करायचं, हा माझा प्रश्न.

पहिलीचं वाचन दांडगं. प्रबलन (परिणामामुळे वर्तन वाढणं), विलोपन (तो परिणाम थांबल्यावर वर्तन कमी होणं), वर्तनामागचं कारण, काहीही विचारा, उदाहरणासकट सांगेल. पण सेशनमध्ये मूल रडायला लागलं की ती गोंधळते. प्रॉम्प्ट, म्हणजे मुलाला उत्तरासाठी दिलेला इशारा, देत राहते, तो कमी करायचा राहूनच जातो. दुसरीचं उलट. मुलं तिच्याशी चटकन रुळतात, तिचं सेशन बघत राहावंसं वाटतं. मात्र मुलाच्या नोंदींचा ग्राफ समोर ठेवून ‘आता काय बदलशील?’ असं विचारलं, की ‘अजून थोडे दिवस बघूया’ एवढंच उत्तर येतं. तिची ओढ थेट सेशनकडेच आहे, आणि एकूण तासांपैकी किमान ६० टक्के तास मूल्यमापन, ग्राफ, योजना लिहिणं, इतरांना शिकवणं अशा कामांत जायला हवेत.

दोघींना एकच कौशल्य-यादी आणि एकच अजेंडा देणं मला पटत नाही. मुलासाठी आपण बेसलाइन, म्हणजे सुरुवातीच्या पातळीची नोंद, घेतल्याशिवाय कार्यक्रम लिहीत नाही, मग ट्रेनीसाठी का लिहावा? तुम्ही बेसलाइन कशी घेता? शिवाय पहिली चारचौघांत फीडबॅक मिळाला की गप्प होते. त्याचं काय करावं?

प्रतिसाद १
ताई, पहिलीला आणखी वाचायला देऊ नका. सांगणं, करून दाखवणं, करून घेणं, फीडबॅक, हे चारही टप्पे वापरा. रडणाऱ्या मुलाची भूमिका तुम्ही करा आणि आधी ठरवलेला निकष गाठेपर्यंत सराव घ्या. मग सेशनमध्ये त्याच चेकलिस्टवर बघा. सरावातलं कौशल्य प्रत्यक्षात आपोआप उतरेल असं धरून चालू नका, तिथलं निरीक्षण हवंच.

दुसरीसाठी पूर्ण झालेल्या केसेसचे ग्राफ काढा, नावं झाकून. पुढचा भाग लपवा. पातळी, कल आणि चढउतार पाहून निर्णय लेखी मागा, कारणासकट. मग लपवलेला भाग उघडा. बेसलाइनही यातूनच मिळेल.

प्रतिसाद २
दुसरीबद्दल एक शंका. तिला जमत नाही, की तिला वेळच मिळत नाही? सेशन्स पाठोपाठ असतील तर ग्राफ बघणार कधी? पीडीसी-एचएस ही कर्मचाऱ्याचं काम कुठे अडतं ते शोधायची प्रश्नावली याचसाठी आहे. तिचे चार भाग: प्रशिक्षण, कामाची स्पष्टता, साधनं व प्रक्रिया, आणि परिणाम व प्रयत्न. अडचण यातल्या कुठल्या भागात आहे ते आधी शोधा. वेळापत्रकात अडचण असेल तर कितीही प्रशिक्षण दिलंत तरी फरक पडणार नाही.

प्रतिसाद ३
मी स्वतः ट्रेनी आहे. फीडबॅक कसा हवा, लेखी की तोंडी, लगेच की सेशननंतर, हे माझ्या सुपरव्हायझरनी सुरुवातीलाच विचारलं होतं, आणि करारात तशी नोंद केली. पुढे त्यांनी चारचौघांत फीडबॅक घ्यायचीही सवय लावली, पण सावकाश. तुमच्या ट्रेनीला सरळ विचारा ना.

धागाकर्ती
प्रतिसाद २, दुसरीची सेशन्स खरंच पाठोपाठ आहेत. आठवड्यातला एक स्लॉट मोकळा करून घेते, मगच लपवलेल्या ग्राफचा सराव सुरू करेन. पहिलीला फीडबॅकबद्दल पुढच्या भेटीत विचारते.

प्रतिसाद १, एक सांगाल का: रडण्याच्या सरावाचा निकष तुम्ही काय ठेवता? चेकलिस्टवर टक्केवारी, की सलग काही सराव एकही पायरी न चुकता?