'58 टक्के फ्रेंचांनी मॅक्रॉनला डोक्यावर घेतलं' म्हणे!

आकडेमोड्या: काल इथे एकाने लिहिलं, 2022 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत 58 टक्के फ्रेंचांनी मॅक्रॉनला डोक्यावर घेतलं आणि अतिउजव्या मरीन ल पेन बाईंना लोळवलं. अहो, 58.55 टक्के हे नुसत्या वैध मतांतले. 28 टक्के लोक फिरकलेच नाहीत, गेले त्यातल्या साडेआठ टक्क्यांनी कोरी नाहीतर बाद मतपत्रिका टाकली. एकूण मतदारांत हिशोब केला तर साडेअडतीस! आणि बाई लोळल्या कुठे, 2017 ला 34 वर होत्या, 41 च्या वर गेल्या. 'अतिउजव्या' ही बातमी की शिवी?

लियॉंकर: शिवी नाही. फ्रेंच गृहखात्याने तसं वर्गीकरण केलं म्हणून ल पेनचा पक्ष स्वतः तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेला आणि मार्च 2024 ला हरला. मी 2002 ला तिथे शिकत होतो, थोरले ल पेन, म्हणजे बाईंचे वडील, राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या, शेवटच्या फेरीत आले त्या रात्री आमची घरमालकीण जेवली नाही. जन्मभर सोशालिस्टांना मत दिलेली बाई, नाकाला चिमटा लावून जाते म्हणत त्यांच्यासमोरच्या उजव्या शिराकला मत देऊन आली. त्याला 82 टक्के पडले ते काय प्रेमापोटी? आणि ते माक्रों आहे हो, मॅक्रॉन नाही.

कोल्हापुरी ठसका: आलं फ्रेंच क्लासचं पोरगं! मग पॅरिसला पारी म्हणतोस काय रे?

लियॉंकर: पॅरिस मराठीत रुळलंय. माणसाचं नाव नीट घ्यायला काय जातं? पुण्याला कोणी पूना म्हटलं की तुम्हीच खवळता.

कोल्हापुरी ठसका: मी पुण्याचा न्हाई, खुशाल म्हणा. आणि आकडेमोड्या, आपल्याकडे 40 टक्केवाल्याला 'जनतेचा कौल' म्हणताना तुझा कॅल्क्युलेटर कुठं असतो?

आकडेमोड्या: तेव्हाही बोंबललोय, जुने धागे बघ. शिराकचं उदाहरण देऊन लियॉंकरांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं, आभारी आहे. जिंकल्या रात्री खुद्द मॅक्रॉन भाषणात बोलला की अनेकांनी माझ्या विचारांसाठी नाही, अतिउजव्यांना अडवायला मत दिलं.

लियॉंकर: बघा, 'अतिउजवे' त्याच्याच तोंडी!

आकडेमोड्या: प्रतिस्पर्धी तसं म्हणणारच की! कोर्टाचं मात्र मानतो, नाइलाजाने.

चहाबाज: ती पोस्ट माझीच. 'वैध मतांपैकी' टाकलं, 'डोक्यावर' आणि 'लोळवलं' काढलं, 'अतिउजव्या' ठेवलं. झालं समाधान?

लियॉंकर: माक्रों केलंस का?

चहाबाज: नाही.