बी.ए. मराठीनंतर एम.ए. भाषाविज्ञान : आत काय शिकवतात, पुढे काम कुठे मिळते?

टीवाय_सांगली
बी.ए. मराठीचे शेवटचे वर्ष आहे. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. भाषाविज्ञान करायचे जवळपास ठरले आहे. मराठी साहित्याच्या एम.ए.पेक्षा यात नेमके वेगळे काय? गणित किंवा प्रोग्रॅमिंग येत नसेल तर अडते का? नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) सोडून कामे कोणती? स्पीच थेरपिस्ट होता येते असेही काही जण सांगतात, ते खरे आहे का?

स्वनिम
शेवटचा प्रश्न आधी, कारण त्यात मुलांची वर्षे वाया जातात. नाही, होता येत नाही. त्यासाठी बारावी विज्ञानानंतर बी.ए.एस.एल.पी. हा वाक्-श्रवणाचा वेगळा अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मुंबईची अली यावर जंग संस्था आणि मैसूरची वाक्-श्रवण संस्था ही त्याची ठिकाणे. भाषाविज्ञानाच्या एम.ए.वर रुग्ण तपासता येत नाहीत.

आता फरक. साहित्यात कलाकृती वाचता, इथे भाषेची रचना उलगडता. पहिल्याच सत्रात स्वनविज्ञान (ध्वनी तोंडात कसे घडतात), स्वनिमविचार (कोणत्या ध्वनीने अर्थ बदलतो), रूपविचार (शब्दांची घडण), वाक्यविचार (वाक्याची घडण) येतात. गृहपाठ असा असतो: अनोळखी भाषेतली वीस वाक्ये आणि त्यांचे अर्थ समोर ठेवतात, प्रत्यय तुम्ही शोधायचे. मराठीच्या विद्यार्थ्यांची गाडी इथे हमखास अडते, कारण ते लिपीकडे बघतात, कानाकडे नाही. 'जग बदलले' आणि 'तू सुखाने जग' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणा. अक्षर एकच, पण पहिला ज 'जल'मधला आणि दुसरा 'जहाज'मधला. लिपी हा फरक दाखवत नाही, म्हणून दर ध्वनीला वेगळे चिन्ह देणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकावी लागते. ती प्रवेशाआधीच शिकून घ्या. महिनाभर रोज अर्धा तास पुरतो.

कॉर्पसवाला
कामांबद्दल लिहितो. आज भाषाविज्ञानाच्या पदवीधरांना सर्वात जास्त विचारणा भाषातंत्रज्ञानात आहे: यंत्राने बोलणे, बोललेले टिपणे, भाषांतर. वरचे 'जग'चे उदाहरण तिथे रोजचे दुखणे आहे. मजकूर वाचणाऱ्या यंत्राला कुठला ज उच्चारायचा हे संदर्भावरून सांगणारे नियम आणि उच्चारकोश कोणीतरी करावे लागतात.

दुसरे काम अनोटेशनचे, म्हणजे मजकुरातल्या प्रत्येक शब्दाला व्याकरणाची खूण लावायचे. हिंदीसाठी लिहिलेल्या सूचना मराठीला जशाच्या तशा लावल्या की घोळ होतो. हिंदीत 'घर के सामने के' हे चार सुटे शब्द. मराठीत 'घरासमोरच्या' हा एकच. त्यात घर, सामान्यरूपाचा आ, समोर आणि च्या असे चार तुकडे आहेत. अख्ख्या शब्दाला 'नाम' एवढीच खूण लावली तर समोर आणि च्या हरवतात. तोडला तर कुठे तोडायचा हे आधी लिहून ठरवावे लागते, नाहीतर दोन अनोटेटर दोन तऱ्हा करतात. हे लिहून ठरवणारा माणूस कंपनीला हवा असतो. नुसत्या खुणा लावणाऱ्याला नगाप्रमाणे पैसे मिळतात आणि तो तिथेच राहतो.

गणित अडत नाही. तर्कशास्त्र आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख लागते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र पहिल्या वर्षातच हाती घ्या: फाइल वाचणे, शब्द मोजणे, रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात ठरावीक नमुने शोधायची पद्धत). एवढ्यावर सुरुवात होते. संगणकीय बाजूच हवी असेल तर हैदराबाद विद्यापीठ पाहा. तिथे आणि दिल्लीच्या जेएनयूत प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेमधून होतो, अर्जाची तारीख चुकवू नका.

मेळघाट_टिपणे
क्षेत्रकार्याबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. महाराष्ट्रासारखी जागा शोधून सापडणार नाही: मराठी आर्यकुळातली, गोंडी-कोलामी द्राविड, कोरकू मुंडा, आणि बुलढाण्यात जळगाव जामोदकडची निहाली तर कुठल्याच कुळात बसत नाही. डेक्कन कॉलेजात बोलींच्या सर्वेक्षणाचे काम झाले आहे. मैसूरच्या भारतीय भाषा संस्थेतही (स्थापना १९६९) असे प्रकल्प असतात. पदे बहुधा कंत्राटी, हे धरून चाला.

ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीत, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. एमपी३ नको, त्यात बारीक तपशील कापले जातात. पंखा बंद करा. 'हात' विचारताना स्वतःचा हात दाखवलात तर समोरचा 'तुझा हात' असे सांगू शकतो आणि तुम्ही तेच 'हात' म्हणून टिपता. म्हणून 'माझा हात, त्याचा हात, झाडाची फांदी' असे फिरवून विचारा. सगळी वाक्ये मराठीतून विचारली तर उत्तरात मराठीचा शब्दक्रम झिरपतो. अधूनमधून चित्र दाखवा, गोष्ट सांगायला लावा.

प्राट हे आवाजाचे विश्लेषण करणारे मोफत सॉफ्टवेअर शिकाच. त्यात स्वरपट्टीची (आवाजाच्या उंचीची) मर्यादा पुरुषासाठी ७५ ते ३००, बाईसाठी १०० ते ५०० हर्ट्झ ठेवतात. बाईच्या आवाजावर ३०० ची मर्यादा राहिली तर उंच जागी आलेख तुटतो किंवा निम्म्यावर घसरतो, आणि तोच चुकीचा आकडा प्रबंधात जातो.

स्वनिम
नेटचे राहिले. विषय क्रमांक ३१. दोन पेपर, ५० आणि १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के हवेत. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये.

कोशकार्य आवडत असेल तर डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोश आवर्जून बघून या. काम १९४८ मध्ये सुरू झाले आणि अजून चालू आहे. एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या खणांत लावलेल्या आहेत. एका शब्दाचे अर्थ काळाच्या क्रमाने कसे मांडतात ते तिथे डोळ्यांनी दिसते. त्यासाठी संस्कृत मात्र पक्के लागते.

टीवाय_सांगली
खूप आभार. प्रवेशाला अजून चार महिने आहेत. सुरुवात कशाने करू?

मेळघाट_टिपणे
आजीची परवानगी घ्या आणि तिचे दोन मिनिटांचे बोलणे मुद्रित करा. ते ध्वनिलिपीत उतरवा, सुरुवातीला मिनिटाला तास सहज जातो. मग तेच प्राटमध्ये उघडून तिचे च आणि ज एकेक करून ऐका.