छाप्यात पोलिसाच्या हातून गोळी सुटली, तर ‘अपघात’ कोण ठरवतं?

मंगळवारपेठकर

अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या ब्रिओना टेलर प्रकरणावर आमच्या तालमीत चर्चा झाली. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर पोलीस दार फोडून आत आले, तिच्या मित्राला वाटलं कोणी घुसलंय, त्याने एक गोळी झाडली आणि पोलिसांच्या गोळीबारात ती गेली. एका अधिकाऱ्याच्या गोळ्या शेजारच्या घरात शिरल्या होत्या.

चर्चा शेवटी आपल्याकडे, कोल्हापुरात, वळलीच. इथे गोळी क्वचित चालते, पण धाडी रोजच्या. पथक बऱ्याचदा साध्या वेशात असतं. पेठेतली घरं एकमेकांना चिकटलेली, मधे कुठे पत्रा, कुठे प्लायवूड. समजा गोळी सुटली, शेजारचं कोणी जखमी झालं किंवा गेलं, आणि पोलीस म्हणाले ‘चुकून सुटली’. तपास त्याच ठाण्याकडे राहतो का? घरच्यांनी पहिल्या दिवशी काय करायचं? तालमीच्या फलकावर एक पान लावायचंय, तेव्हा कलमांसकट सांगा.

अ‍ॅड. करवीर

आधी धाडच कायद्याने झाली का ते बघा. ‘अपघात’ हा बचाव त्यावरच उभा राहतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम १८ म्हणतं की अपघात हा गुन्हा नाही. पण त्यात अटी आहेत: कृत्य कायदेशीर हवं, कायदेशीर पद्धतीने केलेलं हवं, आणि योग्य ती काळजी व सावधगिरी घेतलेली हवी. ‘माझा हेतू नव्हता’ एवढ्यावर हे कलम मिळत नाही. काळजी घेतली नसेल तर कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. नुसती जखम असेल तर कलम १२५. जीव जाऊ शकतो हे माहीत असून कृत्य केलं असं दिसलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध. यातलं कोणतं लागू होतं हे तपासाने आणि शेवटी कोर्टाने ठरवायचं. प्रेस नोटमधल्या ‘अनवधानाने’ या शब्दाला कायद्यात काही वजन नाही.

आता धाड. नागरिक सुरक्षा संहिता कलम ४४: अटकेसाठी आत यायचं तर आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून दार उघडायला सांगावं लागतं, आणि तरीही आत जाता आलं नाही तरच दार फोडता येतं. अमेरिकेतल्यासारखं न ठोठावता आत शिरायचं वॉरंट आपल्याकडे नाही. गांजा वगैरेच्या धाडीला एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम ४२ वेगळं आहे, पण सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरताना तिथेही कारणं लेखी नोंदवावी लागतात.

वॉरंटशिवाय झडती घेतली तर नागरिक सुरक्षा संहितेचंच कलम १८५ (पुढची कलमंही याच संहितेची): कारणं लेखी, आणि ती नोंद ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे. घरमालकाने अर्ज केला तर तिची प्रत फुकट मिळते. हा अर्ज कोणी करत नाही, तुमच्या फलकावर तो ठळक घाला. कलम १०३: त्याच भागातले दोन प्रतिष्ठित पंच, घरातल्या माणसाला हजर राहू देणं, जप्तीच्या यादीची सही केलेली प्रत. कलम १०५: झडतीचं चित्रीकरण, यादीवर पंचांच्या सह्या होईपर्यंतचं.

गोम असते ती चित्रीकरण सुरू होण्याच्या वेळेत. बऱ्याचदा ते माल टेबलावर मांडल्यावर सुरू होतं. दार कसं उघडलं, आत कोण आधी शिरलं, हत्यार कोणाच्या हातात होतं, म्हणजे वादाचा खरा भाग, त्यात येतच नाही. ही उणीव पहिल्याच तक्रारीत लिहून ठेवा.

शेवटचं, कलम ४३(४): ज्या माणसावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा अटकेसाठी जीव घ्यायचा अधिकार कोणालाच नाही. मटक्याच्या अड्ड्यावरून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी, याला या कलमात कुठेही जागा नाही.

शाहूपुरी_आर्मरर

वकीलसाहेबांनी ‘काळजी व सावधगिरी’ म्हटलंय, ती प्रत्यक्षात कशी मोडते ते सांगतो.

धडधाकट हत्यार आपोआप सुटत नाही. बहुतेक वेळा चाप ओढला गेलेला असतो, फक्त ओढणाऱ्याला ते कळलेलं नसतं. ग्लॉक १७ चा चाप साधारण अडीच किलोच्या ताणाला सुटतो आणि तिला अंगठ्याने लावायची वेगळी सेफ्टी नसते. रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता चाप ओढायचा तर पाच किलोच्या आसपास जोर लागतो, पण घोडा चढवून ठेवला की दीड-दोन किलोत काम होतं. बोट चापावर असताना माणूस दचकला, उंबऱ्याला ठेचकाळला किंवा दुसऱ्या हाताने संशयिताची कॉलर घट्ट धरली, तर हत्याराच्या हाताची मूठही आपोआप आवळते. ती याहून कितीतरी जोरात आवळते. म्हणून नियम असा की निशाण्यावर गोळी झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर, चौकटीला सरळ लावलेलं. एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हाताने झटापट, हे तर करायचंच नाही. धरणारा वेगळा, संरक्षण देणारा वेगळा.

दुसरी जागा म्हणजे धाड संपल्यावर हत्यार रिकामं करताना. क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमधला राऊंड (नळीच्या मागच्या टोकात भरलेलं काडतूस) बाहेर, मग चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासायचा. घाईत क्रम उलटा होतो. स्लाइड आधी ओढली की चेंबरमधला राऊंड बाहेर पडतो, पण मॅगझिनमधला पुढचा आत जातो. मग मॅगझिन काढून माणूस ‘रिकामं आहे’ म्हणत चाप दाबतो.

तिसरी जागा जुन्या ९ मिमी कार्बाइनची. ती उघड्या बोल्टवर चालते, म्हणजे बोल्ट मागून पुढे येताना राऊंड भरतो आणि लगेच झाडतो. बोल्ट पुढे, मॅगझिन लावलेलं, आणि सेफ्टी नसताना दस्त्यावर आपटली, तर बोल्ट झटक्याने मागे जाऊन राऊंड उचलू शकतो आणि गोळी सुटू शकते. इथे चाप न ओढता गोळी गेली हे खरं असू शकतं. पण मॅगझिन लावून, सेफ्टी न लावता ती जिन्यात का नेली, हा प्रश्न उरतोच.

‘हत्यारात बिघाड होता’ असं म्हटलं गेलं तर ते प्रयोगशाळेत तपासता येतं. चापाचा ताण मोजतात, हत्यार पडून सुटतं का पाहतात, सेफ्टी धरते का पाहतात. त्यासाठी हत्यार आहे त्या अवस्थेत सील व्हायला हवं. मधे कोणी ते साफ केलं, तेल दिलं किंवा स्प्रिंग बदलली, तर तपासणीला अर्थ उरत नाही.

मंगळवारपेठकर

साहेब, कोणाकडे कोणतं हत्यार होतं हे घरच्यांना कसं कळणार? आणि ‘आमच्याकडून गोळी सुटलीच नाही’ असं सांगितलं तर?

शाहूपुरी_आर्मरर

कागदावरून. शस्त्रागारातून हत्यार देताना नोंदवहीत बट क्रमांक (हत्याराचा ओळख क्रमांक), राऊंड किती, घेणाऱ्याची सही आणि वेळ येते, परत घेताना तसंच. दहा राऊंड नेले आणि नऊ जमा झाले, तर एकाचा हिशोब द्यावाच लागतो. त्याला जोडून ठाण्याची डायरी, गाडीचं लॉगबुक आणि कंट्रोलचे वायरलेस संदेश. चारही ठिकाणच्या वेळा एकमेकांशी जुळतात का बघायचं. नंतर घुसडलेली नोंद इथेच उघडी पडते, कारण चार वह्या चार वेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात.

जागेवर पुंगळी (झाडलेल्या गोळीचं रिकामं आवरण) शोधा, पण उचलू नका. पिस्तुलाची पुंगळी बाहेर फेकली जाते, रिव्हॉल्व्हरची आतच राहते. तेव्हा पुंगळी नाही म्हणजे गोळी झाडली नाही, असं होत नाही. भिंतीतलं भोक आणि त्याची जमिनीपासूनची उंची, मोजपट्टी शेजारी धरून, फोटोत घ्या. गिलावा करून ते बुजवू देऊ नका.

विधीसेवा_ताई

पहिल्या दिवसाचं मी सांगते.

जखमीला आधी दवाखान्यात. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, नेलं तर एमएलसी (कायदेशीर तपासाशी जोडलेली वैद्यकीय) नोंद होईल. ‘कशाने जखम झाली’ या रकान्यात गोळी हा शब्द आलाय का, हे तिथेच बघा. अंगावरचे कपडे धुऊ नका, फेकू नका. सावलीत वाळवून कागदी पाकिटात प्रत्येक कपडा वेगळा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि रक्ताचा नमुना खराब होतो. भोकाभोवतीच्या काळसर कणांवरून गोळी किती अंतरावरून आली याचा अंदाज निघतो, म्हणून कपडा झटकायचाही नाही.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी आणि चित्रीकरणासह व्हावं, असा लेखी अर्ज ताबडतोब द्या. पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २३ सप्टेंबर २०१४, या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ते स्पष्ट आहे. त्याच निकालात गुन्हा नोंदवणं आहे, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली देणं आहे, आणि हत्यारं तपासणीसाठी जमा करणं आहे. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, त्याच ठाण्याकडे तपास राहता कामा नये.

मग सीसीटीव्ही. दुकानं आणि सोसायट्यांचे डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रं) बहुधा पंधरा दिवस ते महिन्याभरात जुनं पुसून नवं भरतात. त्याच दिवशी दुकानदाराला लेखी विनंती करा आणि प्रत मिळाली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र हॅशसकट (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) घ्या. ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांसाठी परमवीर सिंग सैनी निकाल (२ डिसेंबर २०२०) आहे. चित्रण १८ महिने, किमान एक वर्ष ठेवायचं असं त्यात सांगितलंय. तरी वाट बघू नका. ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण, शस्त्रागार नोंदवही आणि डायरी जतन करा’ असा अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात देऊन पोच घ्या, एक प्रत दंडाधिकारी न्यायालयात.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात या. भरपाईचा अर्जही तिथेच होतो.

अ‍ॅड. करवीर

ताईंशी एका मुद्द्यावर थोडा मतभेद. पीयूसीएल निकाल चकमकीतल्या मृत्यू आणि गंभीर दुखापतीबद्दल आहे. ‘ही चकमक नव्हतीच, अपघात होता, म्हणून तो निकाल लागू नाही’ असा युक्तिवाद होणार हे धरून चाला. त्यामुळे सगळा भार त्याच्यावर टाकू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवणं ललिता कुमारी निकालाने (२०१३) बंधनकारक आहे. ठाण्याने नाकारलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांकडे लेखी, तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली शपथपत्रासह. लोकसेवकाविरुद्ध असेल तर १७५(४) नुसार दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि त्या पोलिसाची बाजूही विचारात घेतात. म्हणून अर्जाला एमएलसी, फोटो आणि पोच घेतलेले अर्ज जोडा. नुसत्या आरोपांवर तो तिथेच अडकतो.

दंडाधिकारी चौकशीत एक बारकावा आहे. मेलेला माणूस तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होता का? असेल तर त्याच संहितेच्या कलम १९६(२) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची. शेजारच्या घरातली, ताब्यात नसलेली व्यक्ती गेली, तर हे पोटकलम आपोआप लागत नाही, चौकशी मागावी लागते. पंचनाम्यात ‘ताब्यात घेतल्याची वेळ’ कोणती लिहिलीय याला म्हणून इतकं महत्त्व आहे.

मुदतीचा खड्डा सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १६१: कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत हवा. कृत्य कर्तव्याशी जोडलेलं होतं की नाही यावर पुढे वाद होतो, पण तो वाद ओढवून घेऊ नका, सहा महिन्यांचीच तयारी ठेवा. खटला चालवायला शासनाची मंजुरी लागली (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २१८) तर आता १२० दिवसांत निर्णय घ्यावा लागतो, नाहीतर मंजुरी मिळाली असं मानलं जातं. मागणी पोचल्याची तारीख जपून ठेवा, दिवस तिथून मोजतात. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाची मुदत, फी नाही.

मंगळवारपेठकर

आणि निलंबन? बातमीत ‘निलंबित’ आलं की लोकांना वाटतं न्याय झाला.

अ‍ॅड. करवीर

निलंबन ही शिक्षा नाही. चौकशीपुरतं कामापासून दूर ठेवणं आहे, त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो आणि नंतर माणूस परत रुजू होऊ शकतो. शिक्षा होते ती विभागीय चौकशीतून. तिथे पुराव्याची पायरी फौजदारी खटल्याहून खालची असते आणि फौजदारी निकालासाठी ती थांबवलीच पाहिजे असंही नाही. अधीक्षकांना लेखी विचारा: प्राथमिक चौकशी कोणाकडे आहे, दोषारोपपत्र दिलं का.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर, २०१४ च्या दुरुस्तीने ते आपल्या कायद्यात आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत आणि बेकायदा अटक त्याच्या कक्षेत येतात.

उच्च न्यायालयात भरपाईची रिट याचिका करायची तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. नीलबती बेहरा निकाल (१९९३) आधाराला आहे: मूलभूत हक्काच्या भंगासाठी राज्याने थेट भरपाई द्यायची, फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट न बघता.

विधीसेवा_ताई

फलकावर हेही घाला. रात्री दार वाजलं आणि खात्री नसेल तर ११२ ला फोन करून पथक आलंय का विचारा. आतून मोठ्याने सांगा: ‘ओळखपत्र दाखवा, दार उघडतोय, घरात लहान मुलं आहेत.’ दिवा लावा, हात रिकामे आणि दिसतील असे ठेवा, कुत्रं असेल तर बांधा. काठी, बॅटरी हातात घेऊन पुढे जाऊ नका, अंधारात ती हत्यार वाटते. मोबाइल चित्रीकरण सुरू करून फडताळात टेकवून ठेवा. अडवाअडवी करू नका. त्यातून न्याय संहितेच्या कलम १३२ आणि २२१ चा (सरकारी कामात बळाचा वापर किंवा अडथळा) गुन्हा तुमच्यावरच येतो आणि मूळ तक्रार मागे पडते. बाईची अंगझडती महिला पोलिसानेच घ्यायची, हे तिथल्या तिथे बोलून दाखवा. पंचनाम्याखाली सही मागितली तर आधी वाचा, आणि न पटणारं असेल ते सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा, वेळेसकट.