विषय: गावच्या यादीतून नाव कापलं, आता मत कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी,
आमचं गाव दारव्ह्याकडचं. बाबांनी परवा सांगितलं की मतदार यादीत माझं नाव नाही, स्थलांतरित म्हणून काढलं. मी परदेशात राहते, पण पासपोर्ट अजून भारताचाच आहे हो माझा. इथून ऑनलाइन मत देता येतं का, नाहीतर माझ्या वतीने बाबांनी बटन दाबलं तर चालतं का?

---

ताई, ऑनलाइन नाही, पोस्टानं नाही, अन् बाबांच्या हातून तं मुळीच नाही. दुसऱ्याकडून मत द्यायचं बिल 2018 मध्ये लोकसभेत पास झालं होतं पण राज्यसभेत झालंच नाही, 2019 ला लोकसभा विसर्जित झाली अन् बिलही गेलं. फौजीले पोस्टल आहे, आपल्याले नाही.

आता नाव कापलं ते तसं नियमानंच, गावात राहत नाही म्हटल्यावर साधं नाव निघणारच. तुम्ही परदेशातल्या मतदारांचा फॉर्म 6ए भरा, पासपोर्ट अन् व्हिसाच्या पानाची कॉपी जोडा, पासपोर्टवर जो गावचा पत्ता आहे तिथंच नाव लागते. बीएलओ, म्हणजे बूथच्या मतदार यादीचं काम पाहणारा माणूस, पत्ता पाहायले घरी येते, तं बाबांना आधीच सांगून ठेवा. माझ्या आईनं सरळ सांगून टाकलं, "पोरगा इथं राहतच नाही बाई", मग बसलो पुन्हा पहिल्यापासून.

2024 च्या विधानसभेले, 20 नोव्हेंबरला, मी गावीच होतो. कापसाची वेचणी ऐन जोरात, बाया सकाळीच मत देऊन वावरात निघाल्या, अन् लाइनमध्ये एकच विषय, सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले 4892 अन् बाजारात चार हजाराच्या आसपास. माझी पाळी आली तं साहेब वोटर कार्ड मागते. मी म्हटलं आपल्याले कार्ड भेटतच नाही, ओरिजनल पासपोर्टच चालते, नाव यादीत पार शेवटी वेगळं असते, पाहा. एजंट म्हणे, "काबे, तू तं विमानात राहते ना?" सापडलं एकदाचं नाव, लागली शाई.

सोपं नाही पण. 2024 च्या लोकसभेले आपल्यासारखे परदेशात राहणारे देशभरात 1 लाख 19 हजारांवर मतदार होते, बूथवर आले 2,958, त्यातले 2,670 एकट्या केरळचे. आपले लोक फेसबुकवरच मत देतात.

---

म्हणजे मत फुकट अन् तिकीट लाखाचं! भरते तरी फॉर्म. दादा, तुमच्याकडे बीएलओ कोण असतं, शाळेचे गुरुजी का?

---

आमच्या अंगणवाडीच्या बाईच आहेत. तुमच्याकडचं बाबांना विचारा, पण आता नका फोन लावू, तिथं रात्रीचे बारा वाजले.