फुगा, रक्तस्राव आणि वेळ
तुम्ही म्हणताय की गंभीर जखमींच्या महाधमनीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत) फुगा फुगवून रक्तस्राव थांबवायचं तंत्र (रिबोआ) सगळीकडेच असायला हवं. कल्पना म्हणून मलाही भारी वाटायचं ते, मांडीतून नळी घालायची, वर नेऊन फुगा फुगवायचा की खालचा रक्तप्रवाह बंद, सर्जनला तेवढाच वेळ मिळतो. पण ब्रिटनमधल्या ट्रायलचा निकाल २०२३ मध्ये आला तो बघा ना, ९० पेशंट, आणि ९० दिवसांत मृत्यू रिबोआ गटात ५४ टक्के तर नेहमीच्या उपचारात ४२! ट्रायल मधेच थांबवावी लागली. पेशंट कमी होते हे मान्य, पण फुग्याच्या खटाटोपात खरा रक्तस्राव थांबवायला उशीर होत असेल तर उपयोग काय?

त्यापेक्षा ट्रॅनेक्झामिक ॲसिड बघा, रक्ताची गुठळी विरघळू न देणारं साधं जुनं औषध. २०१० च्या क्रॅश-२ या जखमींवरच्या ट्रायलमध्ये २० हजारांवर पेशंट होते आणि मृत्यू १६ वरून १४.५ टक्क्यांवर आले. फक्त जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यायला हवं, आणि जितकं लवकर तितकं बरं, कारण नंतर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढलेला दिसला. हे तीन तासांचं बरेच जण विसरतात.